पोटदुखीची बाटली

आंघोळ करून ती बाहेर आली, तर फळीवर बाटली नव्हती.

"इथली बाटली कुठंय?"

"पोटदुखीची ना? खालची शिवणवाली घेऊन गेली," बाळाला खांद्यावर थोपटत सासूबाई म्हणाल्या. "तिच्या नातवानं रडून रडून घर डोक्यावर घेतलंय."

बाटली पोटदुखीची होती, आतलं औषध नव्हतं. आपल्याला एचआयव्ही आहे हे तिला गरोदरपणातच कळलं होतं. घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळाला लागण होऊ नये म्हणून नर्सबाईंनी सहा आठवड्यांचं औषध दिलं होतं. रोज, मोजून, एकही दिवस न चुकवता. पण वर नाव छापलेली ती बाटली घरात ठेवायची कुठं? तिनं औषध पोटदुखीच्या रिकाम्या बाटलीत ओतलं होतं. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं तिला कौतुकही वाटलं होतं.

ओल्या केसांनीच ती जिना उतरली. शिवणयंत्राशेजारी नातवाला मांडीवर घेऊन शिवणवाली चमचा भरत होती. तिनं बाटली हिसकावली. चमचा सांडला.

"अगं बाई! चमचाभर औषधासाठी एवढा जीव चाललाय?" शिवणवाली हसली. मागोमाग बाळाला घेऊन सासूबाई आल्याच होत्या. "एवढी चिक्कू सून कुठून शोधून आणलीत हो?"

"काय गं हे?" सासूबाई ओशाळल्या. "चारचौघांत माझं नाक कापतेस?"

तिच्या जिवात जीव आला. चिक्कू तर चिक्कू, जन्मभर म्हणा. बाटली मुठीत घट्ट धरून ती वळली.

"जाऊ द्या हो," शिवणवाली म्हणाली. "तसे दोन चमचे मघाशीच पाजलेत मी. बघा, कसं गप पडलंय पोर."

ती दारातच थांबली. पोर खरंच गप पडलं होतं. निघून जावं, असं तिला वाटलं. काही होणार नाही. कदाचित काहीच होणार नाही. पोराचे ओठ अजून ओले होते.

"त्याला उचला," ती म्हणाली. "आत्ताच दवाखान्यात चला. हे पोटदुखीचं औषध नाही."

शिवणवालीचं हसू मावळलं. "मग कसलं आहे?"

"बोल ना, कसलं?" सासूबाई पुढे आल्या.

बाटली यंत्रावर ठेवून तिनं सासूबाईंपुढे दोन्ही हात पसरले.

"सांगते. आधी माझं बाळ माझ्याकडे द्या."