रिकाम्या खुर्चीनंतरचा चेहरा

तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी माईक घेतला आणि प्रश्न सिनेमा करणाऱ्या मुलीला न विचारता थेट तिच्या बाबांना विचारला.

"शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी मनात काय होतं?"

मुलगी मंचावर बाबांच्या शेजारीच उभी होती. सिनेमा तिचा होता, कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी केलेला, छोटासा. त्यात लिफ्ट दुरुस्त करणारे तिचे बाबा होते आणि आईची रिकामी खुर्ची होती. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी जागचं उठलं नव्हतं. नाकं ओढल्याचे आवाज तिने स्वतः ऐकले होते. आणि ज्या पाण्याने सगळ्यांना हलवलं, ते आठवणीचं नव्हतंच. औषधाचं होतं.

पहिल्यांदा वर्गात दाखवला तेव्हा मुलं चुळबुळत होती. दोघांनी तर मोबाइल काढले. सर म्हणाले, माहिती सगळी पोचली, पण मी गुंतलो कुठेच नाही. रिकाम्या खुर्चीनंतर एक चेहरा हवा, अगदी जवळून. मग मधली जागा प्रेक्षक आपला आपण भरतो.

तसा चेहरा तिच्याकडे नव्हता. आई गेली त्या दिवशी घरभर माणसं रडत होती आणि बाबा त्यांना पाणी देत फिरत होते. माझा भाऊ दगडाचा आहे, असं आत्या स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली होती. ती तेव्हा दुसरीत होती. त्या दिवसाचं बाकी सगळं पुसट झालं, आत्याचं बोलणं तेवढं राहिलं.

तो तुकडा सापडला तिच्या मित्राला. सिनेमाची जोडणी तोच करायचा, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. शूटिंगच्या दिवसांत बाबांचे डोळे आले होते. तिने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि कॅमेरा बंद करायचा राहून गेला. बाबा समोर बघत बसलेत, गालावरून एक थेंब सावकाश उतरतोय, एवढंच त्यात होतं. कात्रीने तो तुकडा खुर्चीच्या शॉटला जोडला. पुढचं तिने केलं. वेग किंचित कमी केला. पंख्याचा आवाज काढून टाकला. लिफ्टची घरघर आधीच्या शॉटमधून ओढत आणली, चेहऱ्यावर थोडी रेंगाळू दिली आणि मध्येच तोडली. डोळ्यांची लाली दिसू नये म्हणून शेवटाचे रंगच उतरवले. दुसऱ्या खेपेला वर्गात कुणी हललं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. यालाच कसब म्हणतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तरी तेव्हापासून तिला घास धड गोड लागत नव्हता.

बाबांना तिने सिनेमा आधी दाखवलाच नाही. रोज नवी सबब. बाबांना खोटं खपत नसे. एका लग्नात कुणी त्यांची ओळख इंजिनिअर म्हणून करून दिली, तर ताट हातात घेऊन ते पाहुण्यांच्या मागे गेले आणि मी मेकॅनिक आहे, असं सांगून आले. तो माणूस आता माईक हातात धरून उभा होता.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे.

"हिच्या आईची आठवण आली," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मागच्या दाराशी उभ्या कात्रीने सुटलो बुवा असा चेहरा केला. तिला मात्र सुटल्यासारखं वाटेना. बाबा खोटं बोलले होते, तेही न अडखळता. फोटोसाठी सगळे बोलावत होते, पण ती बाबांना घेऊन बाहेर पडली. दुपारचं ऊन होतं. पायऱ्यांवर दोनतीन अनोळखी माणसांनी बाबांचा हात हातात घेतला. बाबांनी तो घेऊ दिला.

बसथांब्यावर पोचेपर्यंत तिने कसंबसं मनात धरून ठेवलं. मग म्हणाली की ते औषधाचे थेंब होते. बाबा म्हणाले, मला माहीत आहे, डोळे माझेच आहेत. मग खरं का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. तुझा चेहरा पाहिला म्हणून, असं ते म्हणाले आणि बस येतेय का ते बघायला वळले.

त्यांच्या त्या वळण्याने तिचा धीर सुटला.

"तुम्ही कधी रडलाच नाहीत, बाबा. आईसाठीसुद्धा नाही. म्हणून मला ते असं जोडून करावं लागलं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण भलतंच बोललो. एक बस आली, माणसं चढली, बस गेली. दोघं तिथेच उभी.

मग बाबांनी सांगितलं. आई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसले होते. हुंदका फुटलाच होता, तेवढ्यात दुसरीतली ती त्यांना शोधत आली. त्यांच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड घट्ट दाबून धरलं. तुम्ही रडू नका, मला भीती वाटते, असं म्हणाली. नाही रडणार, असं त्यांनी तिला कबूल केलं.

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. ना जिना, ना ते हात.

बाबा तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

"आता नाही ना वाटत भीती?"