खांबाचा टेका

राज्य संघात निवड व्हायला शेवटच्या गोळीत मला दहा गुण हवे होते. वाळूच्या पिशवीवरून नेम सोपा गेला होता. आता टेका लाकडी खांबाचा होता. घाईत मी रायफलची नळीच खांबाला टेकवली आणि नेम घसरू लागला. “पेणवाली, आता तुमचा गणपतीच आठव!” रोह्याची वृंदा शेजारून हसली. मला बाबा आठवले. हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखताना त्यांची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली असायची. “टेका हाताला द्यायचा गो, ब्रशला नाय,” ते म्हणायचे. मी नळी सोडवली, डावी मूठ खांबाला दाबली आणि रायफल मुठीवर ठेवली. नेम स्थिरावला. अर्धा श्वास सोडून चाप ओढला. “दहा!” पंचांनी पुकारलं. प्रेक्षकांत, बाबा गेल्यापासून दबक्या आवाजात बोलणारी आई खुर्चीवर चढून वृंदाला ओरडून सांगत होती, “बघ, पोर कोणाची हाय!”