बिनपंख्याचा कॉम्प्युटर

टीव्हीला जोडायला अंकुशला असा कॉम्प्युटर हवा होता, जो वीज कमी खाईल आणि आवाज मुळीच करणार नाही. जुन्याचा पंखा पीठगिरणीसारखा घरघरायचा. दारव्ह्याच्या दुकानात वाहिदभाईंनी दहा वॅटचा, बिनपंख्याचा छोटा कॉम्प्युटर पुढे केला, तशी सलोनी मध्ये पडली.

"अहो, पंख्याचाच घ्या ना. आवाज होते तं होऊ द्या."

अंकुशच्या मनात पाल चुकचुकली. आजवर रिमोटलाही हात न लावणाऱ्या बायकोला यात एवढा रस कशाला?

"मंग जुना पंखा तरी बसवून द्या, भाऊ," ती वाहिदभाईंना म्हणाली.

आता तर त्याला दोघांचाही संशय आला. त्यानं हट्टानं बिनपंख्याचाच घेतला.

घरी सिनेमा लावला आणि कॉम्प्युटर खरंच वाजत नाही ना, हे पाहायला मध्येच थांबवला. डब्याला कान लावला. काहीच ऐकू येईना. मग स्वयंपाकघरातून सलोनीचा दबका आवाज आला. ती फोनवर होती.

"आई, आता फोन नोको करत जाऊ. नवा कॉम्प्युटर वाजत नाही. यायनं मनाई केली तरी मी अजून तुह्यासंग बोलते, हे यायले समजून जाईन."