कपाटाशेजारची जागा

डब्याची सुट्टी संपली आणि प्रमोदिनीबाईंनी टेबलावरची छोटी घंटी एकदाच वाजवली. तिसरीचा वर्ग हळूहळू निवला. राजवीर आणि अनुजा मात्र बोलतच राहिले. बाई त्यांच्यामधून चालत गेल्या, जाताजाता दोघांच्या खांद्याला नुसता हात लावला, आणि तेही वहीवर वाकले. कळंबा तलावावरचा वारा खिडकीतून आत येत होता. भिंतीवरचे तक्ते झोपेत कूस बदलल्यासारखे हलत होते.

राहिली क्रांती. सुट्टीत कुणाचा तरी स्टीलचा डबा फरशीवर आपटला, तेव्हापासून ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत कानांवर हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात तिचे वडील दारात आले. हातात अर्ज.

"हिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलोय, बाई. परवा कुणाला तरी चावली म्हणं. रोज एक तक्रार दारात. एवढी पोरं घंटीला गप बसत्यात, मग हिलाच काय झालंय?"

"आण्णा, एवढा तास थांबा. मग मीच तुम्हाला हेडबाईंकडे घेऊन जाते."

थांबवलं खरं, पण बाईंनाही खात्री नव्हती. जूनपासून त्यांनी क्रांतीला रागावून पाहिलं होतं, वहीत चांदण्या चिकटवून पाहिल्या होत्या, पहिल्या बाकावर बसवून पाहिलं होतं. आज त्यांनी खडू ठेवला आणि सांदीच्या तोंडाशी, भिंतीला पाठ टेकून, फरशीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"बाई," राजवीर म्हणाला, "तुम्ही तिच्याजवळच बसताय. माझ्याजवळ का न्हाय?"

"तुला नुसता हात लावला तरी पुरतं की."

"आणि तिला?"

"तिला सगळं फार मोठ्यानं ऐकू येतं."

राजवीरनं जरा विचार केला. मग हातातली पट्टी बाकावर ठेवली, अजिबात न वाजवता. अनुजानं पान उलटलं, तेही तसंच. एकेक करत सगळा वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा झाला. पोरं हलत होती, लिहीत होती, आवाज तेवढा नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. क्रांतीनं एका कानावरचा हात काढला. मग दुसऱ्यावरचाही.

दारातल्या आण्णांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चपला बाहेर काढल्या. गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा तो माणूस चवड्यांवर चालत आला. बाई उठल्या आणि ते त्यांच्या जागी बसले.

"मी बी बसू हितं?" त्यांनी विचारलं, इतकं हळू की बाईंना ते ओठांवरूनच कळलं.

क्रांती थोडी आत सरकली, आणि सांदीत आण्णांच्या एका खांद्यापुरती जागा झाली.