गोळ्या की पातळ?

"आई, क्लोरीनच्या गोळ्याच घे. एकदा तलावात सोडल्या की आठवडाभर बघायला नको. पातळ क्लोरीन रोज कोण ओतत बसणार?" गाडीत बॅगा ठेवता ठेवता मुलगा म्हणाला.

पोहण्याच्या तलावाची देखभाल करणारे काका हातातला कॅन खाली ठेवून खाकरले. "गोळ्या चांगल्याच असतात दादा, पण या तलावाला त्या मानवत नाहीत. याला पातळच लागतं, रोज सकाळी."

"तलावाच्याही आवडीनिवडी असतात का काका?" मुलगा हसला. "आई, पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंस. आता तूच सांग."

काका चक्क थाप मारत होते, हे बाईंना कळत होतं. पातळ क्लोरीन उन्हानं दुपारपर्यंत उडून जातं. इथे गोळ्याच योग्य. पण गोळ्या आल्या की काका आठवड्यातून एकदाच येणार, आणि मुलगा गेल्यावर रोज फाटकाची कडी वाजवून "बाई, उठलात का?" असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"काकांचं बरोबर आहे," वर्गात कधी एकही समीकरण न चुकलेल्या बाई म्हणाल्या. "याला पातळच लागतं. रविवारीसुद्धा."