उतार लागायच्या आधी

फरशांनी खच्चून भरलेला ट्रक घाटाच्या तोंडाशी आला, तरी तिने बटण दाबलं नाही.

शेजारी बसलेल्या मालकांना दुसऱ्या वळणापर्यंत ते कळलंही नाही. स्वतःची गाडी गॅरेजात पडलेली, म्हणून स्वारी आज आपल्याच मालाच्या गाडीतून शहराला निघाली होती. मागच्या सीटवर तिच्या सासूबाई होत्या, डोळे दाखवायला निघालेल्या.

वर्षापूर्वी याच उतारावरून तिचा नवरा मालकांच्या दुसऱ्या गाडीसकट दरीत गेला होता; त्याच्या जागी आता ती गाडी चालवत होती. सोबतचा हमालही गेला. तो सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मालक घरी येऊन साळसूदपणे सांगून गेले होते, "डुलकी लागली असणार त्याला." त्या दिवसापासून सासूबाईंनी स्वतःच्या मुलाचं नाव टाकलं होतं. ती मात्र आतल्या आत धुमसत राहिली. गाडीत झोपणारा माणूस नव्हता तो.

दुसऱ्या वळणानंतर ब्रेक तापल्याचा जळका वास आला.

"अगं, नुसते पायातले ब्रेक काय मारतेस? ते बटण दाब!"

"कुठलं?"

"एक्झॉस्ट ब्रेकचं! समोर आहे की तुझ्या."

"हे होय. हे कधी दाबायचं असतं, मालक?"

"उतार लागायच्या आधी! भरलेली गाडी घाटात त्याच्यावरच उतरवतात. पायातले तापले की संपलं सगळं!"

"मग ह्यांनी का नाही दाबलं?"

मालकांनी नजर रस्त्याकडे वळवली. पुढचं वळण अंगावर आलं, तिने कसंबसं काढलं. मागे फरशा खणखणल्या. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, हात जोडतो. दाबा ते!"

आजवर त्यांनी तिला वहिनी म्हटलं नव्हतं.

"ह्यांनी का नाही दाबलं?"

"दाबलं असेल हो! त्या गाडीत बटणाची वायरच मी काढून ठेवली होती! व्हॉल्व्ह जाम व्हायचा, दुरुस्तीला टाकली असती तर गाडी आठवडाभर उभी राहिली असती. त्याने मला सांगितलंही होतं… दाबा ना आता!"

तिने बटण दाबलं. इंजिन घोगऱ्या आवाजात गुरगुरलं आणि मागून कुणी धरून ठेवावी तशी गाडी आवरली. मालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

तिने आरशात पाहिलं. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

"आई, ऐकलंत ना?"

सासूबाईंनी पदराने डोळे कोरडे केले. घाट अजून अर्धा बाकी होता.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता ते बटण बंद कर."