पाहुणीसाठी काढलेला मूग

ओटीवर पाय ठेवताच आभाला मुगाच्या उसळीचा वास आला. बाहेर दगडी गडग्यावर एक मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं.

"ये बाय, बस," भीमाबाई चुलीपासूनच म्हणाली. "परेश बोलला, मॅडम खास आपल्या मुगासाठी येतात. मंग काढला. पोटभर खा."

कोन गावच्या शिवारातला हा बारका, काळपट मूग. पानं पिवळी पडायचा रोग आला की बाकीचा मूग आडवा व्हायचा, हा मात्र हिरवागार राहायचा, असं जुनी माणसं सांगत. आभाचं काम नवे वाण तयार करण्याचं. हा गुण त्यांच्यात उतरवायचा म्हणून ती पनवेलपासून गव्हाणपर्यंत घरोघर फिरली होती. शेतं गेली तसं बियाणंही गेलं होतं. उरलं होतं ते या एका घरात, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं.

"आये, सगळा भिजवलास?" आभाबरोबर आलेल्या तिच्या मुलाने, परेशने विचारलं.

"सगळा. पाहुणीला काय मोजून वाढायचं?"

"आजी, मला तो पेरायला हवा होता," आभा म्हणाली.

भीमाबाईचा हात थांबला. "पेरायला? आमचं शेत तर रस्त्यात गेलं. तवापासून पोरांनाबी दाणा खाऊ दिला नाय मी. वाटलं, आता कोन पेरतंय? कुनीतरी आवडीनं मागतंय, तर त्याच्या तोंडी लागू दे." ती तिथेच खाली बसली. "माझ्या हातानं मारला गं."

आभाने एकदम विचारलं, "मोड आल्यावर गणंग निवडलेत ना? ते कुठं टाकलेत?"

भिजूनही न फुगणारे, खड्यासारखे कडक दाणे. दाताखाली येतात म्हणून बाया ते निवडून फेकून देतात.

"परसात. कोंबड्यांपुढं."

"ते मेलेले नसतात, आजी. पाणी आत शिरलेलं नसतं, एवढंच."

भीमाबाई त्या वयात धावली. कोंबड्या अजून टोचा मारतच होत्या. परेशने त्यांना हाकललं आणि तिघंही गुडघ्यांवर बसून माती चाचपू लागली. सापडले ते दाणे तळहाताच्या खळग्यात मावले.

"एवढ्यात भागंल?"

"भागवायलाच हवं."

भीमाबाईने एकेक दाणा पदराने पुसून आभाच्या बियाण्याच्या पाकिटात टाकला. मग हात धुऊन तिने दोघांची पानं वाढली.

उसळ झकास झाली होती. आभाने मागून घेतली. भीमाबाईने मात्र स्वतःला वाढून घेतलं नाही.

"तू खा, बाय," ती म्हणाली. "घरातलं मानूस हाय हा मूग. मला नाय गिळायचं."